मे महिन्याचे सत्र आणि पवित्र पोर्टलची यादी : कोल्हापूरच्या एका इंग्रजी शिक्षिकेचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण कोल्हापुरातील एका २७ वर्षांच्या शिक्षिकेचे असून ते २०२४ च्या जानेवारीपासून २०२५ च्या जूनपर्यंतच्या काळातले आहे. शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. आणि त्यानंतर बी.एड. झालेल्या या शिक्षिका शहरातील एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत १४ हजार रुपये पगारावर शिकवत होत्या. पगार महिना-दोन महिने लांबणे तिथे नेहमीचेच असल्यामुळे संध्याकाळी राजारामपुरीत एक खोली भाड्याने घेऊन त्या इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवत, आणि घरखर्चाला प्रत्यक्षात उपयोगी पडत ते या वर्गांचेच पैसे. वडिलांची गडहिंग्लज तालुक्यात ऊसशेती, धाकटा भाऊ अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. शिक्षिकेच्या संमतीने, नाव न देता हे लिहीत आहे.

त्या करिअरच्या मार्गदर्शनासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा एकाच वेळी चार ठिकाणी त्यांचे पाय गुंतलेले होते. ईशान्य थायलंडमधील एका सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्यासाठी तिथल्या एका एजन्सीशी त्यांची बोलणी सुरू होती आणि सत्र मेच्या मध्यावर सुरू होणार होते. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी त्यांनी दिलेली होती आणि तिच्या गुणांवर राज्य शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या शिक्षकभरतीची त्या वाट पाहत होत्या. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर तरी शिरकाव व्हावा म्हणून ७ एप्रिलच्या सेट या राज्यस्तरीय प्राध्यापक पात्रता परीक्षेची तयारी चालू होती आणि पाठोपाठ जूनची नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षाही द्यायची होती. शिवाय पुण्यातील एका कंपनीने कर्मचाऱ्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी प्रशिक्षक म्हणून त्यांची मुलाखत घेतलेली होती. यांपैकी एकही गोष्ट हातात आलेली नव्हती आणि एकही सोडवत नव्हती. वडिलांचे म्हणणे एका वाक्यात होते : "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये." अडचण इतकीच की हातचे म्हणावे असे त्यांच्याकडे फारसे काही नव्हते.

अशा वेळी उमेदवार सहसा पगाराचे आकडे एकाखाली एक मांडतो. तसे मांडून पाहिले. थायलंडचा पगार २५ हजार बाट, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ५७ हजार रुपये. हा आकडा ऐकून घरातले सर्वजण क्षणभर गप्प झाले होते. परंतु त्यातून तिथल्या सामाजिक सुरक्षा निधीचे ७५० बाट कापले जाणार, खोलीचे भाडे पाच हजार, जेवणखाण सात हजार, वीज, पाणी, फोन आणि जाण्यायेण्याचे आणखी तीन हजार धरले की उरतात नऊ हजार बाट, म्हणजे रुपयांत वीस हजारांच्या जरा वर. याउलट पवित्र पोर्टलवरून उच्च माध्यमिक शिक्षण सेवक म्हणून निवड झाल्यास जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने तीन वर्षे दरमहा २० हजार रुपये मानधन (माध्यमिकला १८ हजार, प्राथमिकला १६ हजार) मिळाले असते आणि घरीच राहिल्यास त्यातले बहुतेक शिल्लक पडले असते. पुण्याच्या कंपनीचा तीस हजारांचा पगार पुण्यातल्या भाड्यात आणि जेवणात निम्म्याहून अधिक संपला असता. म्हणजे महिनाअखेरीस हातात उरणाऱ्या रकमेचा विचार केला तर या वाटांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर नव्हते. पैशांसाठी परदेश, हे कारण इथे टिकत नव्हते आणि ते टिकत नाही हे कळल्यावरच खरी चर्चा सुरू झाली.

आखातातल्या भारतीय शाळांचा पर्यायही त्यांनी चाचपला होता. तिथे बी.एड. आणि किमान दोन वर्षांचा अनुभव सर्रास मागतात, तो त्यांच्याकडे होता. मात्र करार बहुधा दोन वर्षांचा असतो आणि पवित्रची वाट पाहताना इतका काळ बांधून घेणे सोयीचे नव्हते. दक्षिण कोरियाचे नाव कोणीतरी सुचवले होते. तिथला इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताशी झालेल्या आर्थिक भागीदारी करारामुळे भारतीयांना त्यात मर्यादित वाट असली तरी प्रत्यक्षात जागा सापडणे कठीण. समाजमाध्यमांवर परदेशात इंग्रजी शिकवा असे सांगणारे बहुतेक व्हिडिओ या सात देशांच्या तरुणांनी स्वतःसारख्यांसाठी केलेले असतात आणि आपल्याकडची मुले ते पाहून पगाराचा अंदाज बांधतात, ही गोष्ट वारंवार आढळते. थायलंडमध्येही अशा तरुणांना त्याच शाळेत त्याच वर्गासाठी अधिक पगार मिळतो. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांतून येणाऱ्या शिक्षकांकडून शाळा सहसा टोइक या इंग्रजी प्रावीण्याच्या परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० गुण मागतात. या शिक्षिकांनी ती परीक्षा आधीच देऊन सहज पार केलेली होती. यात अन्याय आहे का, तर आहे. मात्र निर्णय घेताना त्याची नोंद पगाराच्या रकान्यात करायची आणि पुढे जायचे, एवढेच उमेदवाराच्या हातात असते.

पैसे बाजूला ठेवल्यावर एक वेगळाच प्रश्न विचारावा लागला : या चारांपैकी आज सोडले तर पुन्हा मिळणार नाही असे काय आहे? थायलंडमध्ये शाळांची सत्रे मेच्या मध्यावर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस सुरू होतात, त्यामुळे शिक्षकभरतीही वर्षातून दोनदा होते. कॉर्पोरेट प्रशिक्षकाच्या जागा पुण्यात अधूनमधून निघतच राहतात. नेट वर्षातून दोनदा असते. अभियोग्यता चाचणीचे मात्र तसे नाही. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात बी.एड. झालेल्यांची एक पिढीच्या पिढी नुसती थांबून राहिली. म्हणजे चौघांत दुर्मीळ होती ती पवित्रची संधी आणि तिच्यावरचा हक्क कोणत्याही परिस्थितीत सोडायचा नाही, हे ठरले.

इथे वडिलांना वाटले की आपलेच म्हणणे मान्य झाले, मुलगी आता कोल्हापुरातच राहणार. वास्तविक निष्कर्ष तसा निघत नव्हता. पवित्रच्या उमेदवाराला वाट पाहण्यासाठी कोल्हापुरात बसून राहावे लागत नाही. पोर्टलवरचे पसंतीक्रम ऑनलाइन भरता येतात आणि प्रत्यक्ष हजेरी लागते ती मुलाखतीला, कागदपत्रांच्या पडताळणीला आणि रुजू होताना. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस मुलाखतीशिवायच्या पदांची शिफारस यादी लागली, तीत त्यांचे नाव नव्हते. मुलाखतीसह भरायच्या, म्हणजे खासगी संस्थांच्या जागांची फेरी बाकी होती. तेवढ्यात १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि पुढचे वेळापत्रक कुणालाही ठामपणे सांगता येईनासे झाले. अशा अनिश्चित वाटेवर नजर ठेवणे आवश्यक होते, तिच्यासाठी वर्ष वाया घालवणे आवश्यक नव्हते. दोन डगरींवर पाय ठेवू नये असे आपण म्हणतो खरे. पण एका डगरीवर उभे राहून दुसरीवर नुसते लक्ष ठेवायला काही हरकत नसते.

कागदपत्रांचा भाग सर्वांत किचकट निघाला आणि चारही वाटा एकमेकींच्या आड येत होत्या त्या इथेच. थायलंडसाठी पदवी प्रमाणपत्राचे साक्षांकन लागते. कागदपत्रांना परस्पर मान्यता देणाऱ्या हेग करारात थायलंड नसल्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे त्या करारानुसारचे एकाच शिक्क्याचे साक्षांकन, तिथे चालत नव्हते; आधी राज्य शासनाची पायरी, मग परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन, मग मुंबईतील थायलंडच्या वाणिज्य दूतावासाचा शिक्का, असा लांबचा रस्ता होता. या सर्व काळात मूळ प्रमाणपत्र उमेदवाराच्या हाती नसते. दुसरीकडे पवित्रच्या पडताळणीला मूळ कागदपत्रेच लागतात आणि बोलावणे कधी येईल याचा नेम नाही. एजन्सीने बी.ए., एम.ए., बी.एड. अशी तिन्ही प्रमाणपत्रे साक्षांकित करून पाठवा असे सांगितले होते. आमच्या सल्ल्यावरून शिक्षिकांनी ईमेल करून विचारले की व्हिसा आणि कामाचा परवाना यांसाठी कायद्याने नेमके काय लागते. उत्तर आले की एक पदवी पुरेशी आहे, बाकीची "असल्यास चांगले". मग फक्त बी.ए.चे प्रमाणपत्र मुंबईला गेले आणि बाकीची दोन्ही, गुणपत्रकांसह, घरच्या कपाटात राहिली. हा एक ईमेल केला नसता तर ऐन मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या सगळ्या पदव्या मुंबईत अडकून पडल्या असत्या. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेतून निघाला, त्यात विशेष अडचण आली नाही.

फसवणुकीची भीती घरात होती आणि ती निराधार नव्हती. थायलंडमधील नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात असल्याबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला होता आणि ती बातमी वडिलांच्या डोक्यात पक्की बसलेली होती. त्यातच एजन्सीच्या एका मध्यस्थाने सुचवले की भारतीयांना नोव्हेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश आहेच, तर तसेच या, पुढचे इथे आल्यावर बघू. या सूचनेला स्पष्ट नकार द्यायला सांगितले. पर्यटक म्हणून जाऊन वर्गात उभे राहणे हे त्या देशात बेकायदेशीर काम ठरते, आणि पकडले गेल्यास एजन्सी हात वर करते, भोगावे लागते ते शिक्षकाला. कामासाठीचा बिगरस्थलांतरित बी वर्गाचा व्हिसा मुंबईतूनच घेऊन जायचे, शाळेचे पत्र शाळेच्या अधिकृत पत्त्यावरून आले पाहिजे आणि शाळेतील एखाद्या शिक्षकाशी व्हिडिओवर प्रत्यक्ष बोलणे झाले पाहिजे, या तीन अटी ठेवल्या. अटी ऐकून मध्यस्थाचा सूर बदलला, एजन्सीचा मात्र बदलला नाही, आणि त्यावरून एजन्सीविषयी बराच अंदाज आला.

शाळेशी झालेले ते बोलणे म्हणजे नमुना पाठच होता. थायलंडचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे असल्याने सकाळी साडेसातला राजारामपुरीतल्या त्या खोलीत लॅपटॉप मांडून त्या बसल्या. बी.एड.च्या सवयीने त्यांनी काळांचा पाठ तयार केला होता, फलकावर तक्ता, त्याखाली नियम. दोन मिनिटांतच पलीकडच्या विभागप्रमुख बाईंनी थांबवून विचारले की मुले बारा वर्षांची आहेत, वर्गात पंचेचाळीस आहेत आणि त्यांना तुमची भाषा येत नाही, तुम्हाला त्यांची, आता शिकवा. कोल्हापुरात वर्ग अडला की मराठीचा आधार असतोच, तो इथे एका क्षणात गेला. त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि सकाळीच आणलेल्या भाजीच्या पिशवीतून वांगी, गाजर आणि मुळा काढून टेबलावर ठेवले, किंमत विचारायची, नाक मुरडायचे, घासाघीस करायची असा बाजार मांडला आणि विभागप्रमुखांनाच गिऱ्हाईक केले. पाठ संपल्यावर शिक्षिका मला म्हणाल्या, "सर, आज पहिल्यांदा कळलं की मी इतकी वर्षं इंग्रजीबद्दल शिकवत होते." माझ्या मते या प्रकरणातील निर्णयाचे खरे कारण हेच होते. अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होणाऱ्या निवडीत परदेशातील अनुभवाला वेगळे वजन नाही, त्यामुळे पवित्रच्या दृष्टीने थायलंड शून्य. परंतु शिक्षिका म्हणून त्यांची जी उणीव होती ती भरून काढणारी जागा चौघांत एकच होती.

एजन्सीने पाठवलेल्या कराराचा पहिला मसुदा मेपासून मार्चपर्यंतचा होता. पगार मात्र दहाच महिन्यांचा : ऑक्टोबरच्या सुट्टीत अर्धा महिना कापलेला आणि मार्चचा अर्धाच धरलेला. मध्येच नोकरी सोडल्यास एक महिन्याचा पगार दंड, आणि शेवटचा पगार 'सर्व परवाने रद्द झाल्यावर' देण्याची अट. पवित्रकडे डोळे लावून बसलेल्या माणसाने अशा करारावर सही करणे म्हणजे शब्द देतानाच तो मोडण्याची तयारी ठेवणे. सत्राच्या मध्यावर शिक्षक निघून गेला तर नुकसान एजन्सीचे नव्हे, त्या पंचेचाळीस मुलांचे होते. हा मुद्दा शिक्षिकांनी स्वतःहून मांडला, तो मला सुचवावा लागला नाही, याची नोंद करणे योग्य होईल. त्यांनी एजन्सीला सरळ लिहिले : भारतात माझा एक सरकारी निवडप्रक्रियेतला अर्ज प्रलंबित आहे, मला फक्त पहिल्या सत्राचा, म्हणजे मे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा करार हवा, त्या काळात मी नोकरी सोडणार नाही आणि दुसऱ्या सत्राबद्दल सप्टेंबरमध्ये कळवीन. एजन्सीने करार मान्य केला, पण विमानभाड्याची अर्धी भरपाई काढून घेतली. प्रामाणिकपणाची किंमत इतकी ठरली. उमेदवार सहसा अशी माहिती लपवतात, कारण सांगितले तर जागा जाईल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात मेच्या तोंडावर शिक्षकाची गरज शाळेलाही तितकीच असते.

एक योजना मात्र रद्द करावी लागली. राजारामपुरीतले वर्ग तिथून ऑनलाइन चालू ठेवून जोडउत्पन्न मिळवायचे असे त्यांच्या मनात होते. थायलंडचा कामाचा परवाना नोकरी देणाऱ्याच्या नावाशी आणि ठरलेल्या कामाशी बांधलेला असतो. त्या परवान्यावर राहून दुसरीकडून पैसे घेणे जोखमीचे आहे, म्हणून ते उत्पन्न हिशेबात शून्य धरायला सांगितले. वर्ग त्यांनी एका सहकारी शिक्षिकेकडे सोपवले.

पुण्याच्या कंपनीचे लेखी पत्र मार्चअखेर आले. उत्तराला पंधरा दिवसांची मुदत होती. मुदत संपण्याच्या आत त्यांनी कारण देऊन नकार कळवला. जुन्या शाळेचा राजीनामा वार्षिक निकाल लागेपर्यंत लागू होणार नाही अशा बेताने दिला, कारण अनुभव प्रमाणपत्र हवे असेल तर वर्ष पुरे करणे भाग होते. सेट ७ एप्रिलला कोल्हापुरातच दिली. नेटचा अर्ज सोडून दिला. ७ मे रोजी कोल्हापुरात मतदान करून त्याच आठवड्यात त्या निघाल्या. जूनमधली नेट १८ तारखेला झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली, तेव्हा घरच्यांनी मुलीच्या निर्णयाचे मोठे कौतुक केले. ते कौतुक अनाठायी होते. परीक्षा रद्द होईल हे एप्रिलमध्ये कुणालाच माहीत नव्हते आणि ती सुरळीत पार पडली असती तरी निर्णय तितकाच बरोबर ठरला असता.

सत्र चालू असतानाच खासगी संस्थेच्या मुलाखतीचे बोलावणे आले. इथे एक बारीक गोष्ट कामी आली. थायलंडमध्ये मुक्कामाची परवानगी वाढवून घेतलेली असली तरी पुनर्प्रवेशाचा परवाना न घेता देशाबाहेर पाऊल टाकले की ती परवानगी आपोआप संपते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. एका फेरीच्या परवान्याला १ हजार बाट पडतात, अनेक फेऱ्यांच्या परवान्याला ३,८००. शिक्षिकांनी तो आधीच काढून ठेवला होता. शनिवार-रविवारला जोडून बिनपगारी रजा घेऊन त्या आल्या, मुलाखत दिली आणि परत गेल्या. निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली. विमानभाड्यात जवळजवळ दोन महिन्यांची शिल्लक गेली. ही फेरी करू नये असे काही नातेवाइकांचे मत होते. मला ते पटत नाही, कारण ज्या संधीसाठी करार आखडता घेतला, भाड्याची भरपाई सोडली, तीच प्रत्यक्ष समोर आल्यावर खर्चाकडे पाहून टाळली असती तर आधीच्या सगळ्या तडजोडींना अर्थच उरला नसता.

सप्टेंबरमध्ये त्यांनी दुसऱ्या सत्राला होकार कळवला. शाळेने त्यांचा पगार दोन हजार बाटने वाढवला आणि मार्च २०२५ मध्ये पुढच्या पूर्ण वर्षाचा करार समोर ठेवला. या वेळी अडचण वेगळी होती. अभियोग्यता चाचणी पुन्हा होणार असे बोलले जात होते, पण अधिसूचना निघालेली नव्हती, आणि अधिसूचनेची वाट पाहत करार लटकत ठेवणे शाळेला मान्य नव्हते. शिक्षिकांनी वर्षभराचा करार स्वीकारला, मात्र त्यात एक कलम घालून घेतले : भारतातील शासकीय परीक्षा किंवा मुलाखतीसाठी, किमान दहा दिवस आधी लेखी कळवल्यास, वर्षातून दोन वेळा प्रत्येकी चार दिवसांपर्यंत बिनपगारी रजा. विभागप्रमुखांनी ते कलम वाचून फक्त एवढेच विचारले की त्या दिवसांचे पाठ आधी तयार करून ठेवणार का. एप्रिलअखेरीस अधिसूचना निघाली. चाचणी मेच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे थायलंडचे नवे सत्र सुरू होऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झालेले असताना होती. त्यांनी अर्जात केंद्र कोल्हापूर निवडले, चार दिवसांचे पाठ लिहून सहकाऱ्याच्या हाती दिले आणि त्या कलमाखालची पहिली रजा घेऊन परीक्षेला आल्या.